डेल्फीनला जपायचं वर्ष

१४ ऑगस्ट १९९३

आज सकाळी मांस कापायला सुरी उचलली आणि लवोन किंचाळली, "दाजी! ठेवा ती खाली!"

पाच आठवडे झाले तरी हाताला लक्षात राहत नाही. वर्षभर सुरी धरायची नाही. पळायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, घोंगडी झटकायची नाही, घरातली हवासुद्धा उगाच ढवळायची नाही. भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. रागाचा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि जमलं तर मनातही येऊ द्यायचा नाही.

आमचे विधी चालवणाऱ्या नोआकाकांनी डेल्फीनच्या केसांची बट कापून घेतली, गोड गवताच्या धुरावर धरली, हरणाच्या कातड्यात गुंडाळली. ते गाठोडं पूर्वेच्या खिडकीपाशी तीन काठ्यांच्या तिकाटीवर आहे. वर्षभर माझ्या बायकोचा आत्मा तिथं राहणार आणि मी तो जपणार. पुढच्या जुलैत त्याला वाटेला लावायचं. जपणाऱ्यानं मध्येच संताप केला तर आत्मा बिथरतो, वाट चुकतो. मग तो ना इथला, ना तिथला.

गाठोडं बांधण्याआधी नोआकाकांनी मला तीनदा विचारलं होतं, "एमरी, जमेल तुला? तुझ्या तोंडाचा पट्टा साऱ्या लाकोटा मुलखाला ठाऊक आहे."

मी त्यांना सांगितलं, की माझ्या पणजोबांच्या काळात अमेरिकेच्या सरकारनं हा विधी बंद केला. एक तारीख ठरवून दिली आणि ज्यांनी ज्यांनी आत्मे जपले होते त्या सगळ्यांना ते एका दिवसात सोडायला लावले. आईनं जपलेलं लेकरू, नवऱ्यानं जपलेली बायको, सगळ्यांची मुदत एका कागदावर संपली! शंभर वर्षांनी मी हे करतो आहे ते त्या कागदाच्या छाताडावर पाय देण्यासाठी.

काका म्हणाले, "लढाई म्हणून करणार असशील तर करू नकोस."

मी म्हटलं, बरं, लढाई नाही. पण ही वही माझी आहे, तेव्हा इथं खरं लिहितो. लढाईच आहे.

लवोन ही डेल्फीनची धाकटी बहीण. तिनं मला चिडवणं या नियमात बसतं का, हेही मी काकांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "मेव्हणीनं चिडवायचं सोडलं तर सूर्य उगवायचा नाही. तू फक्त चिडू नकोस."

२ सप्टेंबर

सासूबाई आमच्या मागच्या छोट्या घरात राहतात. मधे वीस पावलं अंगण. एकतीस वर्षांत त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत, मी त्यांच्याशी नाही. त्या आल्या की मी तोंड फिरवतो किंवा उठून जातो. मी आलो की त्या शाल डोक्यावरून पुढे ओढतात. जावयानं सासूचा मान राखायचा तो असा. परवा शिक्षण खात्याच्या एका गोऱ्या बाईनं मला विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?" बाहेरचे लोक आम्हा लाकोटांना सू म्हणतात आणि एवढ्यावरच समजतात की आपल्याला सगळं कळलं.

तरी आमच्यातला हा मौनाचा मान पूर्वी वेगळा होता. आता त्यात काहीतरी टोचतं. माझी खात्री आहे की त्या मला दोष देतात. डेल्फीन गेली त्या दुपारी मी राजधानीत होतो, आमदारांपुढे पाण्याच्या हक्कावर बोलत होतो. भाषण चांगलं झालं. तीन वर्तमानपत्रांनी छापलं. डेल्फीननंच जा म्हटलं होतं.

सासूबाई रोज दुपारी मागच्या पायरीवर दोन वाट्या ठेवून जातात. एक आत्म्यासाठी; ती मी गाठोड्यापुढे ठेवतो आणि नंतर मातीत पुरतो. दुसरीत मांस असतं, आधीच बारीक तोडलेलं. ती कुणासाठी ते काही कळत नाही. बहुधा कुणी पाहुणा येईल म्हणून. वाया नको म्हणून मी खाऊन टाकतो.

२१ ऑक्टोबर

वेंडल आला होता. वेंडल म्हणजे डेल्फीनचा भाऊ, माझा मेव्हणा, जमातीच्या कौन्सिलचा अध्यक्ष. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची ही आमची रीत. तीत तो पटाईत.

"दाजी, बारीक झालात. ओरडायला बंदी आली की पोट भरत नाही वाटतं तुमचं."

"तुझं मात्र भरलेलं दिसतंय," मी म्हटलं. "खुर्ची मागवून घे कौन्सिलकडून नवीन. जुनीचे पाय वाकले असतील."

हसला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वेंडल टोपी काढतो तेव्हा काहीतरी वाईट सांगायचं असतं.

एक कंपनी आली आहे. तीन शहरांचा कचरा पुरायला जागा हवी. त्यांनी आंधळ्या घोड्याच्या ओढ्यावरची दरी बघितली आहे. आमच्या वस्तीच्या वर तीन मैल. डेल्फीनला जिथं पुरलं त्या टेकडीच्या अगदी अलीकडे.

"साठ नोकऱ्या देतात, दाजी. साठ. माझ्या दोन पोरांना कामासाठी शहरात जावं लागलं, तुम्हाला माहीत आहे. त्यातला एक परत आलाच नाही."

मला माहीत आहे. त्या पोराच्या शवपेटीला मीही खांदा दिला होता. पण छातीत जे उसळलं ते एवढ्यानं थांबणारं नव्हतं. शहरांची घाण! आमच्या पाण्यावर! मी उठून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि नजर गाठोड्यावर गेली. बसलो.

वेंडलनं ते पाहिलं. "आईशप्पथ," तो म्हणाला, "मी मुद्दाम या वर्षी नाही आणलं हे."

मी विश्वास ठेवला असं दाखवलं.

३० नोव्हेंबर

बर्फ. गाठोडं बाहेर नेलं नाही. ऊन असलं की मी तिकाटी दारापुढे मांडतो आणि शेजारी बसून वाचतो. डेल्फीनला माझं मोठ्यानं वाचणं आवडत नसे. "सभा नाही ही, स्वयंपाकघर आहे," म्हणायची. आता मनातल्या मनात वाचतो.

१९ जानेवारी १९९४

जाहीर सुनावणी सतरा फेब्रुवारीला. आज अकरा जण येऊन गेले. सगळ्यांचं एकच: एमरी, तू बोललास तर वाचू. करारांतली कलमं तुला पाठ, वकिलांची तोंडं तू बंद केलेली, राजधानीत तुझं नाव.

खरं आहे. दुसरं कोण आहे? तरुण बोलतात ते अर्धं इंग्रजी, अर्धं रडणं. म्हातारे बोलतात ते पुटपुटणं.

नोआकाकांकडे गेलो. "शांतपणे बोलेन," म्हटलं. "आवाज न चढवता. मुद्द्याचं तेवढं."

ते लाकूड तासत होते. वर न बघता म्हणाले, "कोल्हा म्हणाला, मी फक्त कोंबड्या मोजून येतो."

"काका, एका आत्म्यासाठी चारशे माणसांचं पाणी घालवायचं का?"

"हे मला विचारू नकोस. चारशे माणसं तुझ्या दारात येऊ शकतात. ती एक कुठे जाणार?"

घरी आलो आणि कागद पुढे ओढला. आता इथं मनापासून लिहितो: डेल्फीन समजून घेईल. ती नेहमीच समजून घ्यायची. एकतीस वर्षांत एकदाही तिनं मला सभेला जाऊ नकोस असं म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी

भाषणाची नऊ पानं झाली. शांत भाषण आहे. फक्त दुसऱ्या पानावर वेंडलचं नाव येतं. ते टाळता आलं नाही. "बहिणीच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही आणि भाऊ तिच्या उशाशी उकिरडा रचतो आहे." हे वाक्य जमलं आहे. तीस वर्षं बोलतो आहे, वाक्य जमलं की मानेवरचे केस सांगतात.

लवोन खुर्चीवर उभी राहून पडदे लावत होती. म्हणाली, "एकदा वाचून दाखवा की दाजी." वाचलं. दुसऱ्या पानापाशी ती पडदा लावायची थांबली. काही बोलली नाही. लवोन काही बोलली नाही! पडदा अर्धा तसाच सोडून मागच्या दारानं आईकडे गेली. भाषण भिडलं म्हणायचं.

१८ फेब्रुवारी

काल जे झालं ते आज सकाळी लिहितो आहे.

हॉल गच्च भरला होता. लोक भिंतीला टेकून उभे. पुढच्या टेबलाशी कौन्सिलचे नऊ जण, मधे वेंडल. बाजूला कंपनीचा माणूस, गुळगुळीत दाढी, नवे कोरे बूट. चार जण बोलून गेले. मग वेंडल म्हणाला, "एमरी. दहा मिनिटं."

मी उठलो तेव्हा सारा हॉल पुढे झुकला. सात महिने मी या क्षणाशिवाय जगलो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं. पहिलं पान मी न वाचताच बोललो. सौम्य. अगदी सौम्य. मग पान उलटलं, वेंडलकडे बोट केलं आणि म्हटलं, "वेंडल—"

दार उघडलं. थंड वारा शेवटच्या बाकापासून पुढे आला. माणसं वळून बघायला लागली.

सासूबाई.

गुडघ्यापर्यंत बर्फ, शालीवर बर्फ, हातात काठी. कुणाकडे न बघता मधल्या वाटेनं चालत आल्या आणि पहिल्या बाकावर, बरोबर माइकच्या समोर बसल्या. शाल कपाळावरून खाली ओढली. माझ्यात आणि त्यांच्यात दोन हात अंतर.

आता माझ्यापुढे काय उरलं? सासूच्या तोंडासमोर उभं राहून, हात नाचवत, तिच्या मुलाला शिव्या घालायच्या? असलं काम आजवर कुणा लाकोटा जावयानं केलेलं नाही. मी माइक ठेवला, हॅट चेहऱ्यापुढे धरली आणि स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडलो. मागे म्हाताऱ्या बायका तोंडावर हात ठेवून खिदळत होत्या ते ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "वाघाला मांजरीनं हाकललं."

पिकअपमध्ये बसलो. मूठ वळली, स्टिअरिंगवर आपटणार होतो; हवा ढवळायची नाही हे आठवलं आणि बोटं एकेक करून सोडवली. वेंडलचा डाव! दुसरं काय? एमरीला गप्प करायचं तर बंदूक नको, कोर्ट नको. सासूला आणून पुढे बसवा. हा डाव गोऱ्याला कधी सुचला नसता. हा आपल्याच माणसाला सुचतो.

चारच्या सुमाराला लवोन धावत आली. पिकअपचं दार उघडून आत कोसळली. ती हसत होती की रडत होती कुणास ठाऊक.

"अडीच तास, दाजी! आई अडीच तास बोलली!"

"कोण आई?"

"कोण आई म्हणे! तुमची सासू, दुसरी कोण!"

मी बाहेर पडल्यावर सासूबाई उठल्या, काठी टेबलावर आडवी ठेवली आणि लाकोटात बोलायला लागल्या. त्या ओढ्याकाठी कोण जन्मलं, कुणाच्या पहिल्या आंघोळीचं पाणी कुठल्या वळणावरून आणलं, कुठल्या दुष्काळात कुणाच्या आजीनं किती बादल्या वाटल्या. एकेक घर. एकेक नाव. टेबलाशी बसलेल्या नवांपैकी सहा जणांची नाळ त्यांनीच कापलेली.

"वेंडलला म्हणाली," लवोन सांगत होती, "'आणि तू. तुझे लंगोट मी तिथंच धुतले. सबंध ओढा पिवळा झाला होता. कंपनीला सांग, त्या जागी एकदा घाण टाकून झालेली आहे.' दाजी, अख्खा हॉल लोळला!"

"मग वेंडलनं थांबवलं नाही?"

"आईला? घड्याळ दाखवणार होता का आईला? शेवटी तो कंपनीवाला कानाशी येऊन विचारतो, या बाई केव्हा थांबणार? वेंडल म्हणाला, 'माझी आई आहे ती. तुम्हीच सांगून बघा.'"

कंपनीच्या माणसाचं विमान होतं. तो निघून गेला. मतदान झालंच नाही. सुनावणी तहकूब, आता चौदा जुलैला.

मी काय बोलू? मला दहा मिनिटं, त्यांना अडीच तास! एक कलम नाही, एक आकडा नाही, शेवटी आवाहनसुद्धा नाही. आणि सभा तहकूब. आनंद झाला, हे लिहितो. आणि आनंदात खडा लागला, हेही लिहितो.

५ मार्च

वेंडलला पेट्रोलपंपावर गाठलं. आवाज न चढवता विचारलं, "आईला तूच आणलंस ना त्या दिवशी?"

तो गाडीत पेट्रोल भरत होता. "मी? माझ्याच लंगोटाच्या गोष्टी ऐकवायला?"

"मग कुणी आणलं?"

"कुणी नाही. चालत आली. लवोन तुमच्यासोबत पुढे गेलेली, माझ्याकडे निरोप नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई तीन मैल बर्फातून आली. दोन बोटं काळी पडली होती पायाची, दवाखान्यात नेली मी दुसऱ्या दिवशी."

"पण का?"

वेंडलनं नळी पंपावर अडकवली, टोपी सारखी केली. "दाजी, एवढी पुस्तकं वाचता तुम्ही," म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

पुस्तकांचा इथं काय संबंध, मला कळलं नाही. बोटांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन वाट्या तर रोज पायरीवर येत होत्या.

६ मार्च

नोआकाका म्हणाले, भाषण दाखव. नऊ पानं दिली. दुसऱ्या पानाच्या तिसऱ्या ओळीपाशी थांबले, घडी घातली, परत दिली.

"हे त्या दिवशी बोलला असतास," ते म्हणाले, "तर जुलैत मी कुणाला निरोप देणार होतो?"

मी म्हटलं, बोललो नाही ना? ते म्हणाले, "तू नाही, हे खरं आहे."

म्हाताऱ्यांचं बोलणं असंच. अर्धं सांगतात आणि अर्ध्यासाठी माणसाला घरी पाठवतात.

१० एप्रिल

बर्फ वितळलं. ओढा जोरात आहे, घरात बसून ऐकू येतो. सकाळपासून गाठोड्याशेजारी बसलो आहे. पुस्तक उघडलं नाही.

या वहीत एक खोटं लिहिलं आहे. तीनदा तपासून बघितलं, एकाच ठिकाणी आहे, पण सगळी वही त्याच्यावर उभी आहे.

डेल्फीननं "जा" म्हटलं नव्हतं.

मी कोट घालत होतो. हॉस्पिटलच्या खिडकीत ऊन होतं. ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबशील?" मी घड्याळ बघितलं. म्हटलं, आमदार चारला बसतात. ती म्हणाली, "बरं." एवढंच. "बरं" या शब्दाला मी वाटेत गाडी चालवता चालवता "जा" करून टाकलं. दोनशे मैल होते, वेळ पुष्कळ होता. शब्द फिरवणं माझा धंदाच आहे.

सासूबाई पलंगाच्या त्या बाजूला होत्या, शालीआड. त्यांनी ऐकलं.

नऊ महिने मी सगळ्यांना सांगत आलो की त्या सरकारी कागदाविरुद्ध मी हे गाठोडं जपतो आहे. आज तो कागद मला आठवतही नाही नीट.

१७ मे

गोधड्या जमत आहेत. चांदणीच्या नक्षीच्या एकवीस झाल्या. लवोन आणि तिच्या मैत्रिणी शिवतात, मी दोरा ओवून देतो. सुई चालते, सुरी नाही. वर्षाच्या शेवटी सगळं वाटून टाकायचं: गोधड्या, भांडी, पलंग, पिकअप, अंगावरचे धडके कपडेसुद्धा.

"दाजी, तुमचा भाषणाचा कोट कुणाला?" लवोननं विचारलं.

"वेंडलला."

"पोटावर बसायचा नाही."

"तेवढ्यासाठीच देतो."

हसलो दोघं. नोआकाकांनी ऐकलं असतं तरी चाललं असतं, असं वाटतं.

२८ जून

चार मुली ठरल्या. निरोपाच्या दिवशी चार कुमारिकांना नोआकाका हातानं भरवतात. कुटलेलं मांस, रानचेरीचं पाणी. सबंध जमातीला त्यांच्या रूपानं जेवू घातलं असं होतं. डेल्फीन शाळेत शिकवायची. चौघीही तिच्या वर्गातल्या.

मला झोप नीट लागत नाही. या वर्षभरात घरात कुणीतरी होतं. मी वाट्या ठेवत होतो, तिकाटी उन्हात नेत होतो, दार हळू लावत होतो. आता त्यानंतर काय करायचं असतं?

१० जुलै

काल झालं.

अंगणात तंबू उभारला, दार पूर्वेला. साडेतीनशे माणसं आली असतील. मुलींना भरवलं. काकांनी प्रार्थना म्हटली, धूर फिरवला, गाठोडं माझ्या हातात दिलं. जपणाऱ्यानं ते उचलून दारापर्यंत न्यायचं. दाराबाहेर पहिलं पाऊल पडलं की आत्मा मोकळा. मागे राहतं ते नुसतं कातडं आणि केस.

मी उचललं. हलकं होतं. सात पावलं चाललो. दार आलं. बाहेर ऊन, माणसं, त्यांच्या पलीकडे टेकडी.

पाऊल उचलेना.

सगळे थांबले. ढोल थांबला. काका माझ्यामागे उभे होते, ते ढकलणारे नव्हेत. मी आयुष्यात कुठल्याही दारात असा अडलो नव्हतो. मी तर दारातून जाणारा माणूस. सभेला उशीर झालेला. आणि काल माझे पाय म्हणत होते, संध्याकाळपर्यंत. निदान संध्याकाळपर्यंत.

किती वेळ गेला ठाऊक नाही. लोक सांगतात, बराच.

मग डावीकडून, बायकांच्या बाजूनं, आवाज आला. एकतीस वर्षांत, बत्तीस म्हणायला हवं आता, मी तो आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता, लेकींशी बोलताना, चुलीशी पुटपुटताना. इतक्या जवळून कधीच नाही. मी वळलो नाही. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. गाठोड्याशी बोलत होत्या.

"डेल्फीन, बाळा, बघ. हा थांबलाय. सबंध वर्ष थांबला तुझ्यापाशी, कुठं गेला नाही. झालं ना आता? चल, ऊन चढतंय. तू नीघ."

माझा पाय उंबऱ्याबाहेर कसा पडला ते मला सांगता येणार नाही. ऊन तोंडावर आलं. सगळे एकदम रडायला लागले, मीही, मोठ्यानं, हवा ढवळत. त्याला आता मनाई नव्हती. हातातलं कातडं मात्र तसंच होतं, ना जड ना हलकं. आणि ती त्यात नव्हती. हे मी कुणाला पटवून देणार नाही. मला कळलं एवढंच.

मग जेवणं. मग वाटप सूर्यास्तापर्यंत. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, पुस्तकांचं कपाट शाळेला गेलं. कोट वेंडलला. त्यानं तिथंच घालून दाखवला. बटण उडून नोआकाकांच्या सारात पडलं. मधेच कधीतरी तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चौदा तारखेला तुम्हाला दहा मिनिटं नाही दाजी, हवा तेवढा वेळ. मी काय मत देईन ते अजून मलाच माहीत नाही. पण बोला."

१२ जुलै

रिकाम्या घरात जमिनीवर बसून लिहितो आहे. वही मांडीवर. ही एक तेवढी दिली नाही.

सकाळी लवोन दोन उसन्या पेल्यांत कॉफी घेऊन आली. भिंतीला टेकून बसली.

"काय दाजी, सुटलात. आता ओरडा हवं तेवढं. परवा हॉलचं छप्पर उडवा."

"भाषण लिहिलं नाही अजून."

"जुनं आहे ना? नऊ पानांचं?"

"त्यातलं दुसरं पान जाळलं," मी म्हटलं. "मग बाकीची आठ एकमेकांना धरून राहिनात."

तिनं पेल्यात फुंकर मारली. तीही माझ्यासारखीच टेकडीकडे बघत होती. मग मी विचारलं, जे विचारायला मला फेब्रुवारीपासून पाच महिने लागले होते.

"तुझी आई येणार आहे का परवा?"

"येणार तर," लवोन म्हणाली. "पण आत नाही यायची. कालच सांगितलंय तिनं मला. हॉलच्या भिंतीशी गाडी लावायची. ती गाडीतच बसणार, काच खाली करून."